हलवता न येणाऱ्या एकोणीस बाटल्या

इर्माताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझी कंबर आता जिना चढण्याइतकी बरी असेल आणि ओस्टेंडचा वारा तुला बाहेर पडू देत असेल, असं धरून चालतो. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. कोंबड्या सकाळी दाराशी फिर्मिनच्या खोकल्याची वाट बघत थांबतात आणि मी बाहेर आलो की माना वळवतात. पण दाणे खातात. सख्ख्या भावाच्या अंत्यविधीला तुला येता आलं नाही ते मनाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. (तू आणि फिर्मिन अकरा वर्षं बोलत नव्हतात, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. तरी त्यांनी मान डोलावली.) घराच्या विक्रीचा तुझ्या वकिलांचा कागद मिळाला. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या रविवारी क्लबात जे झालं, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. अंत्यविधीनंतर कॉफी आणि हॅमचे पाव चालले होते. क्लबाचे अध्यक्ष तेओफिल (आपले जुने पोस्टमास्तर) माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, सांत्वन करताहेत. मग त्यांनी हळूच विचारलं की शेवटच्या खेपेच्या बाटल्या किती आहेत. मी वीस म्हणालो. त्यांनी डोळे पुसले.

क्लबाची पद्धत अशी. जुनी-नवी आंबट बिअर मिसळणारा सभासद वारला की त्याची शेवटची खेप सगळ्यांनी मिळून चाखायची, आणि वीसपैकी सोळाच्या वर मार्क पडले तर त्याचं नाव कॅफेतल्या फळीवर कोरायचं. मात्र ती इतर पाच बाटल्यांत लपवून चाखायची, म्हणजे मार्कांत दुःख मिसळत नाही. (दुःखाचे सरासरी दोन मार्क वाढतात, असा त्यांचा अनुभव आहे. त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं आहे.) बाटल्या झाकायचं काम न पिणाऱ्याकडे देतात. आपल्या गावात असा मी एकटाच.

आता तुला एक सांगायचं आहे, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. औषधांनी फिर्मिनच्या जिभेची चव ऑक्टोबरातच गेली होती. कॉफी आणि गरम पाणी त्याला एकच लागायचं. तरी पिंपांत तीन वर्षांची जुनी आणि एक वर्षाची नवी बिअर तयार होती आणि त्याला शेवटचं मिसळायचं होतं. तेव्हा तो तळघरात खुर्चीवर बसायचा, मला पेला द्यायचा आणि विचारायचा, “बोल दादा, कशी लागते?” मी चाळीस वर्षं रेल्वेची तिकिटं विकली, बिअरचं मला काय कळणार? मी म्हणायचो, ओल्या छत्रीसारखी. म्हणायचो, बंद वेटिंग रूमसारखी. एकदा म्हणालो, मरेल्दाआत्याच्या कपाटासारखी. तो किती दिवसांनी हसला, आणि लगेच गंभीर होऊन म्हणाला, “वरचा खण की खालचा?”

तुला आठवत असेलच, वरच्या खणात ती सफरचंदं ठेवायची आणि खालच्यात काकांचे बूट.

मी पुन्हा एक घोट घेतला. खरं तर मला काहीच कळलं नाही. तो थकला होता, म्हणून म्हणालो, “वरचा.” त्याने मान डोलावली, त्याच मापाने मिसळलं आणि बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर चुन्याचा पांढरा पट्टा ओढून, पट्टा वर राहील अशा त्या आडव्या लावल्या. सात आठवड्यांनी तो गेला. म्हणजे ताई, रविवारी क्लबात परीक्षा माझ्या जिभेची होती, आणि नापास होणार होता तो.

बाटल्या झाकायला मोजे लागतात. माझे सगळे पायांत किंवा दोरीवर होते, म्हणून फिर्मिनचे घेतले. सहा बाटल्या, सहा मोजे, त्यांवर आकडे टाचले. कॅफेच्या माडीवर सगळे येऊन बसले आणि बाटल्यांकडे बघू लागले. सात जणांनी ते करडे, टाचेला रफू केलेले मोजे ओळखले होते. तेओफिलनी टिपणात लिहून घेतलं की मोज्यांनी सगळ्याच बाटल्यांना सारखंच दुःख लावलं आहे, तेव्हा निकालावर परिणाम होणार नाही.

मग सुरू झालं. तासभर पेल्यात नाकं. घोड्याच्या घोंगडीचा वास येतो असं म्हणणं ही त्यांच्यात स्तुती असते, हे मला आता पाठ आहे. दोन नंबरला एकाने घोंगडी म्हटलं, दुसऱ्याने घोडाच म्हटलं. तेओफिल उभे राहिले आणि म्हणाले की हा फिर्मिन आहे, यात शंका नको. सगळे उभे राहिले, टोप्या काढल्या. अठरा मार्क. पाच नंबरला नऊ. पेला खाली ठेवत खाटीक म्हणाला, “कोणाचे तरी जुने बूट आहेत यात. कपाटात कोंडलेले.”

यादी माझ्या खिशात होती. पाच नंबर फिर्मिनची. दोन नंबर अल्फोन्सची, जो माझ्या शेजारीच बसला होता आणि ज्याच्या बिअरला तीस वर्षांत क्लबाने तेराच्या वर मार्क दिले नाहीत. बाटल्यांना लेबलं नसतात, सगळ्यांना तोच चुन्याचा पट्टा. मी यादी काढली, चष्मा लावला आणि वाचलं: दोन नंबर, फिर्मिन. पाच नंबर, अल्फोन्स. मी आयुष्यात कोणाला चुकीचं तिकीट दिलेलं नाही.

अल्फोन्सने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. खाली उतरल्यावर त्याने मला कोट घालायला मदत केली.

“आपली बिअर आपल्याला पहिल्या घोटात कळते, ओमेर,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “हो.”

“अठरा. लेका, अठरा मिळवायला मरावं लागतं हे मला कोणी सांगितलंच नाही.” मग बटणं लावून देत म्हणाला, “पाच नंबर वाईट नव्हती. घाई केली त्यांनी. बूट आधी येतात, सफरचंदं मागून येतात. बाकीच्या बाटल्या तीन हिवाळे पडून राहू दे.”

मी घरी आलो आणि तळघरात फिर्मिनच्या खुर्चीवर बसून राहिलो. इतकंच कळवायचं होतं. कंबरेला ऊब दे, वाऱ्यात जास्त वेळ बसू नकोस.

तुझा,
ओमेर

ता. क. वकिलांच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. घर तिघांच्या नावावर होतं, आता आपल्या दोघांच्या आहे, आणि तुझा हक्क मी नाकारत नाही. पण एकोणीस बाटल्या आडव्या आहेत आणि त्या हलवल्या तर तळाचा गाळ उठून सगळं बिघडतं. तीन हिवाळे थांब. मग तू ये, एक उघडू आणि वरचा खण की खालचा ते तू सांग. आत्याच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असायची. मी एकट्याने सांगितलेलं आता मला पटणार नाही.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी. अल्फोन्स म्हणतो की सावकाश नेल्या तर बाटल्या खुशाल हलवता येतात, महिनाभरात गाळ पुन्हा बसतो, आणि त्याच्या तळघरात जागा आहे. हे वकिलांना सांगू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे. तुला मात्र सांगितलं.