भुवई वर केल्यानंतरचे चार सेकंद

क्रॉयडन, ६ जून १९७३

ति. म्युरिएलताईस,

धाकट्या विल्फचा नमस्कार. (वाकून केला असं समज, कंबर धरली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? अर्नेस्टभावोजींचे वाटाणे गोगलगायींनी यंदाही फस्त केले का? माझी तब्येत बरी आहे, अब्रूचं मात्र सांगता येत नाही.

आमच्या तळलेल्या माशांच्या दुकानाच्या टीव्ही मालिकेवर अखेर सिनेमा काढलाच. अर्ध्या तासाचा विनोद दीड तास पुरवायचा, म्हणून निर्मात्याने अख्खं दुकान सहलीला स्पेनला धाडलं. (मालिकेचा सिनेमा झाला की स्पेनला जायचं, असा आपल्याकडे कायदाच असावा.) हा स्पेन सापडला इथल्याच क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर, ऐन फेब्रुवारीत, बंद असलेल्या हॉलिडे कँपात. मी पोहायच्या चड्डीवर, थंडीने निळा. रंगभूषेची डोरीन करवादली, "हलू नका हो विल्फ, निळ्यावर तपकिरी बसतच नाहीये!"

पण खरा घोटाळा वेगळाच झाला. गिऱ्हाईक बायको वारल्याचं सांगत असलं तरी मी काउंटरवर ओणवून "व्हिनेगर घालू?" विचारतो आणि डावी भुवई वर करतो, हे तुला ठाऊक आहेच. स्टुडिओत लोक हसायचे आणि हशा ओसरेपर्यंत मी तसाच थांबायचो. पाच वर्षांत अंगात मुरलंय ते. सिनेमाच्या शूटिंगला प्रेक्षक कुठले? तरी भुवई वर जायची आणि मी चार सेकंद पुतळा! दिग्दर्शक (वय सव्वीस, आजवर कुत्र्यांच्या बिस्किटांच्या जाहिराती केलेला) ते कापेल असं वाटलं होतं. तर म्हणतो, "राहू दे हो आजोबा, नाहीतरी सिनेमा लांबीला कमीच पडतोय."

मंगळवारी इथे चाचणीचा खेळ झाला. पहिल्या भुवईला कोणीतरी खोकलं. चौथीला पुढची बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, बिचाऱ्याला झटका आलाय, आणि मेलं कुणी डॉक्टरला बोलवत नाही!" मी हॅट नाकापर्यंत ओढली. बाहेर निर्मात्याने ऐकवलं, की शुक्रवारी तुमच्या ग्रिम्सबीत लोक हसले नाहीत तर पुढच्या वर्षी दुकान मालिकेतल्या माझ्या पुतण्याच्या नावावर. म्हणजे मी घरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं काम कोण देतंय? तरी मला काही वाटत नाही, गुलाब लावीन. (वाटतं गं. फार वाटतं.)

तुझा,
विल्फ

ता. क. शुक्रवारच्या पहिल्या खेळाची बारा तिकिटं सोबत आहेत. चर्चच्या शिवणमंडळातल्या सगळ्या बायकांना ने. भुवई वर गेली की हसायचं. संवाद ऐकायची गरज नाही, न ऐकलेलेच बरे.

ता. क. २. तूच का, तेही सांगतो. ध्वनी सांभाळणारा काल म्हणाला, की स्टुडिओतले लोक दुसऱ्याच वर्षी हसायचे थांबले होते. व्हिनेगरनंतरचा तो मोठा हशा पहिल्या भागातून उचलून दर वेळी स्टुडिओतच टेपवरून लावायचे, आणि त्यात सगळ्यात वर एकाच बाईचं हसणं होतं. त्याने ते मला ऐकवलं. शेवटी डुकरासारखा घुर्र आवाज आला आणि मी ओळखलं. ताई, पाच वर्षं माझी भाकरी तुझ्या हसण्यावर चालली. मी जिन्यात जाऊन रडलो.

ता. क. ३. पहिल्या भागाच्या दिवशी स्टुडिओत तुझ्या पुढच्या गृहस्थाचा केसांचा टोप घसरला होता, असं भावोजी एकदा बोलून गेले होते. तू कशाला हसलीस ते मला कधीच सांगू नकोस.