परमुलखासाठी बनलेली मोटारसायकल

मी, गुलाम नबी वल्द शेख करीम, वय बहात्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार वाशीम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून हात धरलेला नाही. दम लागतो, जिना चढताना थांबावे लागते, पण डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने एखादे रुसलेले इंजिन माझ्यापुढे आणून चालू करावे. कुठे बिघडले ते मी खाटेवरून सांगेन. घरात आमची बोली उर्दू, पण माझी शाळा मराठी आणि कचेरीही मराठी, म्हणून मराठीत लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी बायको नजमुन्निसा अल्लाच्या घरी गेली. थोरला मुलगा उजैर तिच्याही आधी काविळीने गेला. त्यामुळे माझा वारस आता एकटा धाकटा मुलगा वसीम. उजैरची बायको नाजिश आणि मुलगी दुआ माझ्याजवळच राहतात. बापाआधी मुलगा गेला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर आमच्या शरियतप्रमाणे नातीला वारसाहक्काने काही मिळत नाही. वसीमने हे मला ईदच्या दिवशी जेवताना ऐकवले. तो खोटे बोलला नाही. फक्त दुआ तेव्हा त्याच्याच ताटात वाढत होती, तेवढे त्याने बघायला हवे होते. त्याच शरियतने मला एक मुभाही दिली आहे: मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत वारस नसलेल्या माणसाला देता येते. ती मुभा मी वापरतो.

२. कफन-दफनाचा खर्च आधी काढावा. जेवणावळ घालू नये. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक वसीमची. घराच्या मागच्या खोल्यांत नाजिश शिवणकाम करते, तिला तिथून हलवू नये. ही अट नाही, अट घालायचा मला हक्क नाही. बापाची विनंती आहे.

३. गॅरेजमधली सगळी हत्यारे दुआला. ती एकोणीस वर्षांची आहे, आयटीआयमध्ये शिकते, आणि इंजिनाचा आवाज ऐकून वॉल्व्ह ढिले की घट्ट ते सांगते. बेअरिंग ओढून काढायचा माझा मोठा पुलर जऊळक्याच्या भाऊसिंगकडे अडकला आहे. तोही मागून घ्यावा. आढेवेढे घेतले तर त्याला पुढचे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

४. माझ्या नावावरची काळी मोटारसायकल दुआला. मिळकत ओळखू यावी म्हणून वर्णन लिहावे लागते. वकील म्हणाले, गाडीचा नंबर आणि आरसी बुक पुरे. मला ते पुरे वाटत नाही, कारण या गाडीबद्दल आजवर फार थापा मारल्या गेल्या आहेत.

उजैरचे लग्न झाले त्या वर्षी ही गाडी मी भाऊसिंगकडून जुनी घेतली. तो म्हणाला, "नबीभाई, जपानची गाडी हाय. तुमी म्हणून देऊन राह्यलो."

मी म्हटले, "भाऊसिंग, कंपनीच्या पाटीवर त इंडिया लिवलं हाय."

"ते आपल्याले समजाव म्हणून लिवलं असन," तो म्हणाला. चेहऱ्यावर लाज नावाला नव्हती.

गाडी घरी आणून खोलली तेव्हा खरे काय ते कळले. गाडी आपल्याच देशात बनलेली, पण दुसऱ्या देशात विकण्यासाठी. दिव्याचा झोत उजवीकडे चढायचा, म्हणजे जिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात तिथली काच. समोरून येणारे ट्रकवाले आम्हाला शिव्या घालायचे. कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा जेट नेहमीपेक्षा बारीक, उंच डोंगरावरच्या विरळ हवेसाठी असावा. आपल्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात इंजिन तापून फटफट करू लागले. चेनकव्हरवरची सूचना आम्हाला कोणाला वाचता येईना. पुढे दुआने मोबाईलवर शोधून सांगितले, ती भाषा स्पॅनिश. आणि मागच्या चाकाला साडी गार्ड नाही. कोणी काढलेले नव्हे, ते बसवायला चौकटीवर जागाच नव्हती. ज्या मुलखासाठी गाडी बनली तिथल्या बायका मागे एका बाजूला पाय सोडून बसत नसतील. गाडी बोटीत न चढता परत कशी फिरली, हे मला माहीत नाही. काच आणि जेट मी बदलले. जुने दोन्ही कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवले आहेत, तेही गाडीबरोबर द्यावेत.

वसीम पुसद नाक्यावर जुन्या गाड्या विकतो. मागच्या वर्षी तो नागपूरचा एक शौकीन गिऱ्हाईक घेऊन आला आणि गाडी फॉरेनची म्हणून दाखवू लागला. गिऱ्हाइकाने मला विचारले. मी पाटी दाखवली, डबा उघडला, सगळे सांगितले. तो निघून गेला. वसीम म्हणाला, "अब्बा, आपने मेरी इज्जत उतार दी." तेव्हापासून तो गॅरेजची पायरी चढलेला नाही. गाडी मुळात विकायची नव्हतीच. पुन्हा कोणी विचारले तरी मी खरेच सांगेन, आणि वसीम, तू रुसलास याचे मला दुःख आहे.

या गाडीची पक्की खूण आता लिहितो. ही खूण नसेल ती गाडी माझी नव्हे.

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला हाताने केलेले साडी गार्ड आहे. नाजिशला दिवस गेले होते. उजैर तिला धनजच्या माहेराहून आणत होता. वाटेत तिची ओढणी चाकात गेली. उजैरने वेळीच ब्रेक दाबला म्हणून ओढणीवर निभावले. घरी आल्यावर नजमुन्निसा रडत होती, मी उजैरला रागावत होतो. वसीम तेव्हा कॉलेजात होता. तो बाहेर पडला आणि शेजारच्या लेथवाल्या देवानंदकडे गेला.

"देवानंदकाका, तुमच्यापाशी सळई हाय काय? मले आत्ताच पायजे."

देवानंद म्हणाला, "अबे, या गाडीले गार्ड बसवाले जागाच नाई. लावशीन कोठी?"

"जागा नसन त मी करतो," वसीम म्हणाला.

त्याने वाकवून, कापून, वेल्डिंग करून गार्ड बनवले आणि चौकटीला स्वतः पट्ट्या जोडून ते बसवले. वेल्डिंग ओबडधोबड आहे. मी ते कधी घासू दिले नाही. त्या कामात वसीमच्या उजव्या अंगठ्याखाली भाजले, तो डाग अजून आहे. नाजिश त्याच गाडीवर बसून दवाखान्यात गेली आणि दुआला घेऊन त्याच गाडीवर परत आली.

५. राहिले गॅरेज. बसस्टँडकडच्या रस्त्याला लागून असल्याने ते घरापेक्षा भारी आहे. हत्यारे आणि मोटारसायकल तिसऱ्या हिश्शात बसतात, गॅरेज धरले तर हिस्सा ओलांडतो. तरी मी गॅरेज दुआला देतो. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्तीचे देणे वारसाने कबूल केले तरच टिकते, आणि आमच्याकडे ती कबुली माझ्या मरणानंतरच धरली जाते. म्हणजे मी जिवंतपणी तुझ्याकडून हो म्हणवून घेऊ शकत नाही, वसीम, आणि तुझे उत्तर मला कळणारही नाही. याची मला भीती वाटते, हे इथे लिहून ठेवतो. तू नाही म्हणालास तर गॅरेज तुझे, दुआने भांडू नये.

शरियतीत दुआला जागा नाही असे तू म्हणालास. त्या गाडीतही तिच्या आईसाठी जागा नव्हती. ती तू केलीस, तेव्हा दुआ जन्मलीही नव्हती.

६. अंमलबजावणी देवानंदने करावी. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्याला दिलेले नाही, त्याने राग मानू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, आणि मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: वाशीम
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: गुलाम नबी वल्द शेख करीम

साक्षीदार:
देवानंद ग्यानबा खिल्लारे, लेथ कारागीर
ललिताबाई विनोद इंगोले, निवृत्त परिचारिका

वारसाची कबुली, कलम ५ पुरती. मला माती दिल्यावर भरावी, त्याच उजव्या हाताने:

वसीम वल्द गुलाम नबी ______________________