फ्लॅश बंद होणारा कॅमेरा

कोपर, डोंबिवली पश्चिम
रविवार, ३ ऑक्टोबर १९९९

चि. दौलत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझी रतन मजेत आहे. तुझ्या लेकीचं, नंदाचं, गणित नेहमीसारखंच आहे. बोंबील तळले की तुझी आठवण निघते आणि तुझ्या वाटणीचे आम्हीच संपवतो.

दिवाळीला मस्कतहून येताना डिजिटल कॅमेरा आणतोस म्हणालास. शाळेच्या हॉलमध्ये नंदाचा दोरीचा मल्लखांब टिपायला कोणता बरा, हे साड्यांना फॉल लावणाऱ्या बाईला विचारणारा तू एकटाच. पण फोटो मीच काढते, तेव्हा चौकशी केली.

स्टुडिओवाल्या विश्रामला गाठलं. तो म्हणाला, हॉलमध्ये उजेड ट्यूबलाइटचा आणि पोर एका जागी ठरत नाही. म्हणून भरपूर उजेड आत घेणारी लेन्स हवी, लांबून काढायला झूम हवा आणि बटण दाबल्याबरोबर फोटो निघायला हवा. त्याच्या मेव्हण्याने सिंगापूरहून आणलेला कॅमेरा घेऊन आम्ही बुधवारी नंदाच्या सरावाला गेलो. ती दोरीवर पद्मासनात बसली की मी बटण दाबायची. कॅमेरा आधी विचार करायचा, मग फोटो काढायचा. कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बघितलं, तर बारा फोटोंत नऊ वेळा नुसती दोरी, दोनदा पाय आणि एकदा तुझी लेक, तीही धुक्यात. विश्राम म्हणतो, "कांताताई, दोरी मात्र एकदम क्लिअर आलीये."

तेव्हा दुकानात कॅमेरा हातात घे आणि चालत्या माणसावर बटण दाबून बघ. माणूस फोटोत सापडला, तरच पुढचं बोल. मेगापिक्सेल वगैरे मागाहून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लॅश पूर्ण बंद करता आला पाहिजे. कॅमेऱ्याच्या मर्जीने नाही, आपण बंद केला की बंद.

हे फ्लॅशचं खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं. फोनवर सांगता येत नाही, नंदा शेजारीच उभी असते.

जुलैत माजिवड्याच्या स्पर्धेतला, ती दोरीवर उलटी लटकलेली असतानाचा फोटो तुला पाठवला. तू तो खोलीत लावलास, सगळ्यांना दाखवलास, डोळे काय टपोरे आलेत असं लिहिलंस. दौलत, ते डोळे दिपले होते. हॉलच्या दारावर पाटी होती, फ्लॅश मारू नये. मी ती वाचली होती. मला वाटलं पेपरवाल्यांसाठी असेल, घरच्या माणसाला कोण अडवतंय. तुला तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी फ्लॅश मारला आणि पुढच्या क्षणाला तिची पकड सुटली.

खाली गादी होती म्हणून मनगटावर निभावलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. नंबर थोडक्यात हुकला असं कळवलं, ते खोटं. अभ्यासामुळे तिला पत्र लिहायला होत नाही, हेही खोटं. उजवाच हात होता. जाताना तू बजावलं होतंस ना, एकदा जरी पडली तरी दोरी बंद. तेवढ्यासाठी तिने आम्हाला तुला न सांगण्याची शपथ घातली. रतनने ती पाळली आहे. मी आज मोडते आहे, कारण तू त्या फोटोचं कौतुक करतोस आणि मला ते ऐकवत नाही.

आता हात बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली, त्याच दिवशी बया दोरीवर. बुधवारी कॅमेरा हातात होता, फ्लॅश बंद होता, तरी माझं बोट हलेना. तिने वरून बघितलं आणि म्हणाली, "आत्या, पडले मी आणि घाबरतेस तू?" सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि बटण दाबलं.

डिसेंबरात कल्याणला स्पर्धा आहे आणि सरांनी तिला संघात घेतलं आहे. संमतीपत्र सोबत पाठवते. रतन सही करायला तयार होती, मीच थांबवलं. म्हटलं, बापाला सगळं कळू दे, मग त्यालाच करू दे.

कॅमेरा नाही आणलास तरी चालेल, मी नुसती बघत बसेन. काय बोलायचं ते मला बोल. तिला खाली उतरवू नकोस.

तिला पाडणारी, आणि तरीही तुझीच,
कांताताई