डब्याचा काठ

बुधवार, बाळकुम

आमच्या माजिवड्याच्या भांड्यांच्या दुकानात आज एक काकू कालच नेलेला स्टीलचा डबा परत घेऊन आल्या. सोबत फ्रिजवरचा चुंबक. डब्याच्या बुडाला तो लागत नव्हता, काठाला मात्र चिकटत होता. "डुप्लिकेट माल दिलात मला," म्हणाल्या.

डुप्लिकेट कसला! चांगलं स्टील चुंबकाला दाद देत नाही हे खरं, पण काठ वळवताना त्यावर जोर पडतो, आतली रचना बदलते आणि तेवढ्याच जागी चुंबक चिकटतो. कॉलेजात धातुशास्त्रात मी हेच तर शिकलेय. सांगायला तोंड उघडलं, तोच गल्ल्यावरून सासरे म्हणाले, "सूनबाई, गिऱ्हाईकाशी वाद नको. चुकलं म्हण."

म्हटलं. चांगल्या डब्याला खोटं ठरवलं मी.

घरी आल्यापासून भांड्यांवरून चुंबक फिरवतेय. सपाट जागी घसरतो, वळलेल्या काठाला बसतो. लग्नानंतर लॅबच्या नोकरीचे अर्ज मीच फाडले ना? कोणी जबरदस्ती केली होती? आठवतच नाही.

आत्ता हे लिहिताना सासऱ्यांनी बाहेरून नुसती "सूनबाई" अशी हाक मारली. पुढचं काही ऐकायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "हो बाबा, चुकलं."