निळा ठिपका

१२ मे, मंगळवार

चिडले बाई आज! पिंकीला चौदा पुरी झाली. नात माझी — बघता बघता दाराएवढी झाली, नजर काढावी तर माझीच लागायची! काशम्मा सिस्टर सांगून गेली, गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, तो होऊ नये म्हणून या वयाच्या पोरींना लस देत्यात. एकच सुई. शनिवारी आरोग्य केंद्रात. कागदावर बापाची सही पायजे.

तिचा बाप बिरुदेव म्हणतो, "पोरीला काय रोग झालाय? लोकं काय म्हणतील?"

पोटचा पोरगा, पण डोकं दगड!

१३ मे

सही न्हाय. सूनबाई म्हणते, "आत्या, तुमीच बोला." सगळीकडं मीच! वर म्हणते, तुमची लुगडी मी धुते. नको म्हणलं. माझी मी धुते.

१४ मे, गुरुवार

आज मेंढरांची लस. दरसाल पावसाआदी बिरुदेव आंत्रविषाराची टोचतो — कवळं गवत खाऊन मेंढरं पटापट मरत्यात, त्या रोगाची — एक चुकवत न्हाय. टोचलं की पाठीवर निळा ठिपका, म्हंजे दोनदा नको. काळ्या शेळीनं माझा पदर खाल्ला — नवा होता! असू दे.

मी इचारलं, "यातलं आजारी कोण?"

"कुणी न्हाय की. आजारी पडल्यावर टोचून काय उपेग?"

मी पिंकीकडं बघितलं. पिंकी तोंडावर हात धरून हसाया लागली.

"आये, मेंढरं येगळी!" म्हणाला. पण रंगाची डबी हातातच राहिली त्याच्या.

१५ मे

बोलत न्हाय माझ्याशी. कागद कोराच.

१६ मे, शनिवार

सकाळी कागद चुलीपाशी — सही केलेला! गाडीवर आमा दोघींना तोच घेऊन गेला. पिंकीनं आपणहून दंड फुडं केला. सुई झाल्यावर अर्धा तास बसवलं, सोडलं. घरी येऊन तिनंच निळ्या रंगाची डबी काढली, बापाफुडं धरली. "आबा, लाव की!" लावला त्यानं, दंडावर! किती हसलो.

निघताना काशम्मा म्हणाली होती, "आजी, तुमची पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली?"

झाली की मागल्या साली, म्हणलं.

१७ मे

झाली न्हाय. कधीच न्हाय. पाळी जाऊन दहा वर्सं झाली, न् दिवाळीपासनं लुगड्याला रगताचा डाग लागतोय. कुणाला सांगितलं न्हाय — लोकं काय म्हणतील.

न् दगड म्हणले लेकाला!

सूनबाई भाकरी थापतेय. उठते. पहिलं तिला सांगते.