डोक्याकडची दोरी

मी, एलस्पेथ गेडिस, वय पंचाहत्तर, अविवाहित, राहणार पोर्टहॅडो, स्कॉटलंड, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहवत नसताना हे मृत्युपत्र करते. आधीची दोन रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

१. राहतं घर भावाचा मुलगा कॉलिन यास द्यावे. छप्पर गळते, तेही त्याचेच. "आत्या, मेलेल्यांचे बाप शोधून तुला काय मिळणार गं?" असं तो दर नाताळाला विचारतो.

२. जाळी विणायच्या सुया ज्याला वापरता येतील त्यालाच द्याव्यात. भिंतीवर शोभेला टांगणाऱ्याला मुळीच देऊ नयेत.

३. आजोबा अलेक्झांडर यांच्या जन्मनोंदीत बापाची जागा कोरी आहे. पणजी बार्बराला चर्चच्या पंचांनी सगळ्यांदेखत उभं केलं, तरी तिने नाव सांगितलं नाही. ती जमीनदाराच्या बंगल्यावर कामाला होती, तेव्हा बाप कोणी बडा साहेबच असणार, असं आमच्या घरात सगळे तोऱ्यात धरून चालले. मीही अर्धं आयुष्य साहेबांचीच घराणी उसवत बसले.

आमच्याकडे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आजोबांनी थोरल्याचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव मर्डो ठेवलं. त्या काळी गावात मर्डो एकच, शेजारच्या घरातला मर्डो ब्रेमनर, मासेमारी करणारा. आजोबांनी अख्ख्या गावाला बाप सांगून टाकला होता. आम्हालाच मासळीचा वास नको होता. हे उमगल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

४. मर्डोचा नातू ह्यू ब्रेमनर आजही माझा शेजारी आहे. त्याचे वडील आणि माझे आजोबा एका बापाचे. कपडे वाळत घालायच्या जागेवरून आमचा कित्येक वर्षांचा अबोला. तो मोडून मी कुंपणावरून त्याला हे सांगितलं, तर म्हणतो, "पुरावा आण, मग बोल. उद्या म्हणशील, राणीही आपल्यातलीच!"

कागदी पुरावा नाही आणि आता मिळणारही नाही. मला मात्र हे नातं कोणीतरी चारचौघांत मानलेलं हवं आहे. म्हणून माझी शवपेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी, जी आमच्या रीतीने सर्वांत जवळच्या रक्ताच्या माणसाने धरायची, ती ह्यूच्या हाती द्यावी. कॉलिनने पायाकडची धरावी व रुसू नये. ह्यू आला नाही, तर ती दोरी दुसऱ्या कोणीही धरू नये. पेटी तिरकी गेली तरी चालेल. गावाने बघावं.

सही: एलस्पेथ गेडिस
साक्षीदार: पाद्री आर्चिबाल्ड टफ, पोस्टमास्तरीण रोना इम्लाक
पोर्टहॅडो, १४ नोव्हेंबर १९९४

जोड, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमक्ष: रोनाने ह्यूला बोलावून आणलं व चौथं कलम वाचून दाखवलं. त्याने टोपी काढली आणि हाताची बोटं उघडून-मिटून पाहिली. मग म्हणाला, "माझी बोटं आखडलीत, एल्सी. दोरी ओली असली तर निसटेल गं. हातमोजे घातले तर चालतील का?"

चालतील.

ए. गे.