डावी रांग

साकोली, ४ डिसेंबर १९७९
निवृत्तीनंतर बाईने देवपूजा करत घरी बसावं, असं माझ्या वहिनीचं मत. ते तिच्यापाशीच ठेवून मी आज इथे रुजू झाले. खोली उन्हाची आहे. खिडकीतून हायवेवरचे ट्रक दिसतात, आंघोळीला बंबाचं पाणी मिळतं. दवाखाना धर्मादाय, पण फरशी चकचकीत. माझ्याकडे दोन महिने स्त्रियांच्या वॉर्डाची देखरेख आहे. वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या बायका, काही उजव्या रांगेत, काही डाव्या. नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या सुलोचनाबाई इथे संशोधन करताहेत. पडून पडून पाठीला ज्या जखमा होतात, त्या कशा टाळाव्यात, हा विषय. मला आनंद झाला. कॉन्व्हेंटच्या इस्पितळात मी नर्सिंग शिकत असताना चादरीला सुरकुती दिसली तर नन्स हातावर पट्टी मारायच्या. रोग्याच्या पाठीची किंमत मला तिथेच कळली.

७ डिसेंबर
उजव्या रांगेतल्या बायकांची ठरल्या वेळी कूस बदलतात, पाठ पुसून पावडर लावतात. डाव्या रांगेला काय करता, विचारलं. काहीच नाही, तुलनेसाठी ठेवल्या आहेत, असं सुलोचनाबाई म्हणाल्या. चहात साखर घालायची राहिली, अशा सुरात. कूस बदलली नाही तर पाठ कुजते, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही येतं. ते पुन्हा सिद्ध करायला यांना जिवंत पाठी हव्यात! त्या बायकांना विचारलं का, म्हटलं. घरच्या पुरुषांना विचारलं, सगळे तयार आहेत, असं उत्तर आलं.

८ डिसेंबर
ते विचारणं कसलं, ते आज कळलं. डाव्या रांगेत एकोडी गावची रुखमा आहे. धानाच्या बैलबंडीवरून पडली, कमरेखाली लुळी झाली. तिची जाऊ पार्वताबाई उशाशी चटई टाकून बसते. तिने मला हळूच विचारलं, "बाई, आमची रुखमा अभ्यासात लागली म्हन्तेत. आता ह्या वयात पाटी-पेन्सिल कायले जी?"

'तुमच्या बाईला अभ्यासात घेऊ का,' एवढंच रुखमाच्या नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, तुमी म्हणान तसं. शहरातल्या मॅडम आपल्या रुखमाला शिकवणार म्हणून सारं एकोडी खूश आहे. मी पार्वताबाईला खरं काय ते सांगितलं. तिने पदर खोचला आणि जावेला कुशीवर केलं.

९ डिसेंबर
डाव्या रांगेतल्या रोग्यांचे नातेवाईक फाटकाबाहेर काढले. त्यांच्या हातांनी निष्कर्ष बिघडतात म्हणे. पार्वताबाई फाटकाशी उकिडवी बसून आहे.

११ डिसेंबर
रुखमाच्या माकडहाडावर काळा डाग, कडेने कातडी सुटलेली. वास येतो. मी तिला वळवलं, जखम धुतली. सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. वयामुळे आपण हळव्या झालात, म्हणाल्या. मी म्हटलं, हळवी नाही, मी चिडले आहे. संस्थेचे अध्यक्ष भंडाऱ्याला राहतात. परवा बसने जाऊन त्यांना हे सगळं सांगणार आहे. त्या हसल्या. पेनाला टोपण लावलं.

१३ डिसेंबर
रुखमा गेली. जखमेचं विष रक्तात भिनलं. पार्वताबाईला आत घेतलं ते प्रेत उचलायला. तिच्या तोंडाकडे बघवेना. मी तशीच बससाठी निघतेय. वॉर्डाची फरशी फिनाइलने ओली दिसतेय. या वेळी कधी पुसत नाहीत.

१५ डिसेंबर
परवा त्या ओल्या फरशीवर घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलंय. गाडी मिळाली की नागपूरला नेऊ, असं डॉक्टर सांगून गेले. तोवर वॉर्डातच. हलता येत नाही. उताणं पडून शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलीने लिहितेय.
खाट रुखमाची. रांग डावी.
मी नको म्हटलं. स्पष्ट, मोठ्याने. सुलोचनाबाई म्हणाल्या, एक कमी पडत होती.

१६ डिसेंबर
मंदा ही सुलोचनाबाईंची विद्यार्थिनी, गोड पोरगी. तिला म्हटलं, जरा कुशीवर कर. ती रडायला लागली. "बाई, तुमाले हात लावाची मनाई हाये जी. परीक्षेत नापास करतीन मले."
उजवीकडे पावडरचा वास. सगळ्यांना वळवलं. माझ्या खाटेपाशी येऊन पोरी थांबल्या, मागे फिरल्या.

१८ डिसेंबर
माझा भाचा घनश्याम तुमसरहून आला. व्हरांड्यातलं बोलणं ऐकू आलं. सुलोचनाबाई म्हणत होत्या, मावशींनी स्वतःच हो म्हटलंय, अशी थोर बाई विरळा. मी ओरडले. इंजेक्शनमुळे बरळतात, असं सुलोचनाबाईंनी त्याला सांगितलं.
तो आत आला, पाया पडला. डोळे भरलेले. मी म्हटलं, आधी मला वळव. त्याने हात पुढे केला. मग सुलोचनाबाईंकडे पाहिलं.
हात मागे घेतला.
मावशी, तुमचा अभिमान वाटतो, म्हणाला. गेला.

२० डिसेंबर
गाडी नाही. पाठीत निखारे. रात्रभर.
रोज चादर वर करतात, फीत लावून मोजतात. बोलतात एकमेकींशी. माझ्याशी नाही. नको म्हणते — ऐकतच नाहीत — भिंतीशी बोलावं तसं —

२१ डिसेंबर
वास येतोय. शेजारच्या बाईचा असेल.
शेजारची खाट रिकामी आहे.

२२
आज पाठ दुखत नाही. मुळीच नाही. मंदाने चादर उचलली, तोंडावर हात ठेवला.
चाळीस वर्षं हेच शिकवलं मी पोरींना — जखम दुखते तोवर बाई वाचवता येते. दुखणं थांबलं, म्हणजे आतलं मांस —